खराटा बांधावा कसा, आणि तार ठेवावी कुठे

म्हाताऱ्या बापाची आणि त्याच्या भांडखोर मुलांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. एकेक काठी सहज मोडते, पण मोळी कोणालाच मोडत नाही. बोध चांगला आहे. पण मोळी ज्या दोरीने बांधली होती, तिचे नाव त्या गोष्टीत कोणी काढत नाही. दोरी सैल असती तर मुलांनी एकेक काठी उपसून काढली असती आणि बापाला गोष्ट सांगायला तोंड राहिले नसते.

आपल्या अंगणातला खराटा हीच गोष्ट रोज सांगतो. हीर कितीही चांगले असोत, बांधणी ढिली असली की पंधरा दिवसांत तो गळू लागतो. आज चार हीर अंगणात, उद्या सहा गोठ्यात. घरची बाई वरचे टोक दगडावर आपटून हीर सारखे करते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी निम्मा खराटा झाडण्याआधीच उकिरड्यावर जातो. म्हणून या वेळी आपण खराट्याच्या बांधणीचा, त्यातही तारेच्या बांधणीचा विचार करू. विषय लहान वाटेल. पण याच कामात आमच्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत शेजाऱ्याच्या गोठ्याने मोजली. ती आधी सांगतो.

आमची चूक

काथ्याची बांधणी पावसाळ्यात कुजते म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही खराटे तारेने बांधू लागलो. घराच्या स्लॅबसाठी आणलेली काळी तार उरून पडली होती. हिरांच्या जुडीला दोन वेढे द्यायचे, पक्कडीने टोकांना पीळ घालायचा आणि उरलेली तार कापून टाकायची, एवढीच आमची कारागिरी. शेजाऱ्यांनी मागितले म्हणून त्यांनाही दोन खराटे बांधून दिले. एक अंगणाला, एक गोठ्याला.

त्या गोठ्यात तिसऱ्या वेताची एक म्हैस होती. दोन वेळचे मिळून दहा लिटर दूध देणारी. एके दिवशी तिने अचानक वैरण टाकली आणि दूध निम्म्यावर आले. घरच्यांना वाटले, अपचन असेल. ओवा झाला, हिंग झाला, काळे मीठ झाले. चार दिवसांनी थोडी सुधारली, पुन्हा बिघडली. पाठीला बाक काढून उभी राही, पुढचे कोपर अंगापासून दूर धरी, बसताना कण्हे. पंधरवड्याने गळ्याखाली आणि छातीपुढे सूज उतरली. तेव्हा डॉक्टरांना बोलावले. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि आता उशीर झाला म्हणून सांगितले. आठवड्याच्या आत म्हैस गेली.

फाडून पाहिले तेव्हा हृदयाच्या वेष्टनात पू भरलेला होता आणि त्यात बोटाच्या दोन पेरांएवढा तारेचा तुकडा होता. एक टोक कापलेले, दुसऱ्या टोकाला पीळ. आम्ही डावखुरे आहोत. आमचा पीळ इतरांपेक्षा उलटा पडतो. आळीत तसा पीळ दुसऱ्या कोणाचा नाही. शेजाऱ्याने तो तुकडा हातात घेऊन पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

पीळ घातलेली तार वारंवार वाकली की पिळाच्या मुळाशीच तुटते. काळी तार शेणामुताच्या ओलीत गंजते आणि आणखी लवकर तुटते. हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते. खराटा बांधणे म्हणजे हीर गळू न देणे एवढेच आम्ही समजलो. बांधणारी तारही गळते, हे ध्यानात घेतले नाही.

सुरतेस काय पाहिले

पुढे एका कामासाठी सुरतेस जाणे झाले. विरारहून गाडीत बसले की पालघर, डहाणू, उंबरगाव, वापी, बलसाड, नवसारी मागे टाकीत सुरत येते. कापडाचे आणि हिऱ्यांचे शहर म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण त्याआधीपासून ते तारेचे शहर आहे. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर जी जर झळकते ती बहुधा सुरतेहून येते. जर म्हणजे शेवटी तारच. धातूची जाड तार जंतराच्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहूनही लहान. केसासारखी बारीक झाली की ती चपटी करायची आणि रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळायची. यालाच तारकशी म्हणतात.

तारकशीचा एक नियम आपल्या खराट्यालाही लागू आहे. तार जसजशी ओढली जाते तसतशी ती कडक होत जाते आणि अखेर तुटू लागते. म्हणून मध्येच ती तापवून मऊ करून घ्यावी लागते. कडक तार वळवली तरी थोडी उलट फिरते. मऊ तार वळवावी तशी राहते. पण मऊ तारही एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली, की तेवढ्या जागी कडक होते आणि तिथेच तुटते. आमच्या पिळाचे नेमके हेच झाले होते.

सुरतेत पाहिलेली दुसरी गोष्ट म्हणजे तिथले रस्ते. वयस्क वाचकांना सप्टेंबर १९९४ आठवत असेल. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी सापडले आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. आधी पुराचे पाणी तुंबलेले, त्यात कचऱ्याचे ढीग. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. पन्नासच्या वर माणसे दगावली. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी रोज कचेरीबाहेर पडून गल्लीबोळ स्वतः पाहावेत, अशी शिस्त त्यांनी लावली. मोठे रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. थोड्याच काळात सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला.

खराट्याने प्लेग बरा होत नाही, हे खरे. तो उंदरांच्या पिसवांतून येतो, आणि फुप्फुसाचा असेल तर रोग्याच्या खोकल्यातून पसरतो. पण कचरा गेला की उंदरांचे अन्न आणि आसरा जातो. एवढे मोठे काम शेवटी कोणाच्या तरी हातातल्या खराट्यावर येऊन ठेपते.

उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पहाटे तिथे एक बाई रस्ता झाडत होत्या. आमच्या डोक्यात खराटाच बसलेला, म्हणून थांबून विचारले, "मावशी, तुमचा खराटा सैल कसा होत नाही?"

"सैल तर होतोच की, भाऊ," त्या म्हणाल्या. "काडी सुकली की होणारच. पण मी आवळून घेते, पाचर मारते. पाचर मारली की चालला महिना."

त्यांनी खराटा उलटा करून दाखवला. वरच्या टोकात मधोमध बांबूची पाचर ठोकलेली. तारेला पीळ नव्हता. दुहेरी तारेचा फास होता, टोके मागे दुमडून हिरांत खुपसलेली. बोट फिरवले तर कुठेही टोचले नाही. हे कुठे शिकलात म्हणून विचारले, तर त्यांनी शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्याकडे बोट केले. तिथला फिटर रबरी नळी पाइपावर आवळून बसवण्यासाठी असाच तारेचा फास वापरतो. त्यासाठीचे हत्यारही त्याने आम्हांला हातात दिले. पुढे सांगितलेली रीत त्या दोघांची आहे.

खराटा सैल का होतो

आधी कारण समजून घेऊ. ओला हीर वाळताना आकसतो. समजा जुडीचा व्यास सहा सेंटीमीटर आहे आणि वाळल्यावर तो फक्त तीन मिलिमीटरने कमी झाला. डोळ्यांना फरक दिसणार नाही. पण तेवढ्याने जुडीचा घेर जवळजवळ एक सेंटीमीटरने घटतो. तार काही आकसत नाही. म्हणजे कालची घट्ट तार आज सेंटीमीटरभर मोकळी झाली. वापरात घर्षणाने हीर झिजतात, पावसात फुगतात, उन्हात पुन्हा आकसतात. तार मात्र जिथल्या तिथे.

यावर उपाय तीन. हीर पूर्ण वाळवून मगच बांधावेत. तारेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी, म्हणजे जुडी आकसली तरी रबर फुगून जागा भरते. आणि शेवटी पाचर.

हीर किती लागतात तेही आम्ही मोजले. मनगटाएवढ्या जाड, सहा सेंटीमीटर व्यासाच्या खराट्याला चारशेच्या आसपास हीर लागले. वाढलेल्या नारळाला महिन्याला साधारण एक झावळी येते आणि एका झावळीला दोनशेच्या वर पाती असतात. म्हणजे दोन झावळ्यांत एक खराटा आणि एका माडामागे वर्षाला सहा. बागेत वीस माड असले तरी घरची गरज भागून विकायला पुष्कळ उरतात. तेव्हा झावळ्या जाळण्यापूर्वी विचार करावा.

आधी दाबा, मग बांधा

जगभरच्या झाडू बांधणाऱ्यांची रीत पाहिली तर एक गोष्ट सारखी दिसते. बांधण्याच्या जोरावर कोणी जुडी दाबत नाही. आधी दाबून घेतात आणि मग बांधतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅडली गावी लेव्ही डिकिन्सन नावाच्या शेतकऱ्याने १७९७ च्या सुमारास ज्वारीच्या एका जातीच्या तुऱ्यांचे झाडू बांधायला सुरुवात केली. पुढे शेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी तोच झाडू दोन फळ्यांच्या शिकंज्यात दाबून चपटा शिवण्याची रीत रूढ केली. इंग्लंडात डहाळ्यांचा झाडू बांधणारे दोन काठ्या आणि दोरीचा तुकडा घेऊन जुडी आवळतात.

ही इंग्लंडची युक्ती आपल्याला फुकट करता येते. हातभर लांबीच्या दोन मजबूत काठ्या घ्या. एका काठीच्या टोकापासून वीतभर अंतरावर आणि दुसऱ्या काठीच्याही तितक्याच अंतरावर एक जाड दोरी बांधा. दोन काठ्यांमधली दोरी जुडीच्या घेराइतकी असावी. जुडी दोरीवर ठेवा, काठ्या जुडीच्या दोन्ही बाजूंनी वर आणा, एकमेकींवरून ओलांडा आणि लांब टोके खाली दाबा. जुडी लोखंडासारखी टणक होते. एकाने काठ्या दाबून धराव्यात, दुसऱ्याने तार घालावी. नवरा-बायकोने मिळून करण्याजोगे काम आहे.

तारेचा फास

तार जस्त चढवलेली घ्यावी. १८ नंबरची, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची, पुरते. जाड खराट्याला १६ नंबर. तारेचा नंबर वाढतो तशी जाडी कमी होते, हे दुकानात विसरू नये. काळी बांधकामाची तार मऊ आणि स्वस्त असते, पण आपल्या खाऱ्या हवेत आणि ओलीत टिकत नाही. जस्ताची तार कडक वाटली म्हणून चुलीत घालून मऊ करण्याचा मोह होईल. तो टाळावा. जस्त जळून जाते, तार गंजायला मोकळी होते आणि तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत आहे.

कृती अशी:

१. सहा सेंटीमीटर व्यासाच्या जुडीसाठी ११० सेंटीमीटर तार कापा. मधोमध दुमडा. दुमडीशी छोटा डोळा राहील.

२. जुडीच्या वरच्या टोकापासून दोन इंचांवर रबराची पट्टी गुंडाळा. तिच्यावर दुहेरी तारेचे दोन वेढे शेजारी शेजारी द्या. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका.

३. दोन्ही मोकळी टोके डोळ्याच्या आतून बाहेर काढा. हा झाला फास.

४. आता फास ओढायचा. हत्यार नसेल तर डोळ्याला लाकडाचा तुकडा टेकवावा आणि टोके एका मजबूत खिळ्याला गुंडाळून त्या तुकड्यावर टेकू देऊन पहारीसारखी उचलावीत.

५. फास घट्ट झाला की ताण न सोडता दोन्ही टोके डोळ्यावरून मागे पूर्ण दुमडा. दुमडली की ती सुटत नाहीत. ही दुमड एकदाच करायची. पुन्हा सरळ करून पुन्हा दुमडल्यास तार तिथेच तुटेल.

६. एक सेंटीमीटर ठेवून उरलेली तार कापा. ठेवलेली टोके वेढ्याखाली हिरांत ठोकून बसवा. बोट फिरवून पाहा. टोचले तर काम पुरे झालेले नाही.

७. असाच दुसरा फास चार इंच खाली घाला. मग वरून मधोमध टोकदार बांबूची पाचर ठोका. लांब दांडा हवा असेल तर दांड्यालाच टोक काढून तो पाचरीसारखा ठोकावा. महिन्याभराने सैल वाटला की आणखी दोन ठोके.

फिटरचे हत्यार गावातल्या कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे बनेल. वीतभर लांब, तीन सूत जाड, पूर्ण आटे पाडलेला बोल्ट घ्यायचा. त्याचे एक टोक ठोकून चपटे करायचे आणि त्यात खाच पाडायची. बोल्टवर एक नट, हाताने फिरेल असा, दोन पंख जोडलेला. नटाच्या मागे बोल्टवर सैल सरकणारा नळीचा तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी. खाच डोळ्यावर टेकवायची, तारेची दोन टोके दोन खुंट्यांना गुंडाळायची आणि नट फिरवायचा. नट नळीला मागे ढकलतो, तार ओढली जाते. पुरेसा ताण आला की सगळे हत्यारच डोळ्यावरून उलटे फिरवायचे. तार आपोआप दुमडते. बाईमाणसाच्या हातानेही पुरुषाच्या जोराएवढा ताण बसतो, हा त्याचा मोठा फायदा.

कापलेले तुकडे मोजा

आता मूळ मुद्दा. एका फासातून कापलेले दोन तुकडे निघतात. दोन फास म्हणजे चार. काम संपले की चार तुकडे मोजून डब्यात टाकावेत. तीनच सापडले तर चौथा सापडेपर्यंत उठू नये. हा आमचा नियम झाला आहे. तार अंगणात बसून बांधू नये, गोणपाट अंथरून बांधावी.

कारण म्हैस किंवा गाय वैरण निवडून खात नाही. जिभेने घास ओढते, अर्धवट चावून गिळते आणि रवंथ नंतर करते. वैरणीतली तार तिला कळत नाही. जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. जड वस्तू जाळीपोटात जाऊन पडते. जाळीपोट सतत आकुंचन पावत असते. प्रत्येक आकुंचनाबरोबर तारेचे टोक पुढे सरकते. जाळीपोटाच्या पुढे पातळ पडदा आहे आणि पडद्याच्या लगेच पलीकडे हृदय. गाभण जनावराच्या पोटावर दाब अधिक, म्हणून शेवटच्या महिन्यांत आणि विण्याच्या वेळी धोका अधिक.

लक्षणे ओळखून ठेवावीत. अचानक वैरण सोडणे, दूध एकदम उतरणे, रवंथ बंद होणे, पाठीला बाक, कोपर बाहेर, उतारावरून चालायला नाखूश, शेण टाकताना कण्हणे, अंगात कसर. अपचनासारखेच वाटते, आणि तिथेच आपण फसतो. घरगुती औषधाने दोन दिवसांत उतार पडला नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे आणि तारेची शंका आपणहून सांगावी. वेळेवर कळले तर पोटात चुंबक सोडून तार धरून ठेवता येते, प्रतिजैविके देता येतात, गरज पडल्यास कोठीपोट उघडून तार काढता येते. जनावरे वाचतात. गळ्याखाली सूज उतरली, मानेची शीर टरारून फुगली, की समजावे तार हृदयाला लागली. मग फारसे हाती राहत नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. तारेचा खराटा अंगणाला, रस्त्याला, खळ्याला. गोठ्याला तारेचा खराटा नको, कितीही चांगला बांधलेला असो. गोठ्यात काथ्याने बांधलेलाच वापरावा. कुजला तर नवा बांधावा. दोन वेढ्यांचा काथ्या आणि दुभती म्हैस यांची किंमत सारखी नाही. दोन्ही खराटे ओळखता यावेत म्हणून गोठ्याच्या खराट्याच्या दांड्याला चुन्याचा पट्टा ओढून ठेवा. वैरणीच्या पेंढ्या तारेने बांधून आल्या असतील तर तार अखंड सोडवून घ्या, कापू नका. एखादा जुना लाउडस्पीकर भंगारात निघाला तर त्यातला चुंबक दोरीला बांधून महिन्यातून एकदा गोठ्यापुढच्या जमिनीवरून फिरवा. पहिल्याच दिवशी आम्हांला अकरा खिळे आणि चार तारा मिळाल्या.

आपल्या अंगाची काळजी

तारेचे टोक हाताला किंवा अनवाणी पायाला लागले तर जखम बारीक म्हणून सोडून देऊ नये. बारीक आणि खोल जखमेतच धनुर्वाताचे जंतू वाढतात, आणि शेणामातीत ते असतातच. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी. चुना, शेण, तंबाखू काही लावू नये. गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन झाले नसेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

झाडताना आधी पाणी शिंपडावे आणि वाऱ्याकडे पाठ करून झाडावे. नाकातोंडावर ओला रुमाल असावा. लांब दांड्याचा खराटा असेल तर कंबर वाकत नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या स्त्रिया वाकून वाकून कायमच्या वाकल्या. त्यांच्यासाठी एक दांडा ठोकायला फार तर अर्धा तास लागतो.

संत मार्टिन दे पोरेस यांच्या हातात नेहमी झाडू दाखवतात. पेरू देशातल्या लिमा शहरी, मठाच्या दवाखान्यात ते रोग्यांची सेवा करीत आणि आजारी जनावरांनाही जवळ करीत. झाडू, रोगी आणि मुके जनावर ही तिन्ही कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत. आपणही ती वेगळी मानू नयेत.

शेजाऱ्याच्या गोठ्यात आता दुसरी म्हैस आहे. तिच्यासाठी गोठ्याचा खराटा आम्हीच बांधून देतो. काथ्याचा. पहिला दिला तेव्हा त्याने तो उलटा करून वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिले, आणि मग कोपऱ्यात ठेवला. आम्हांला त्याचे काही वाटले नाही. प्रत्येक घरात प्रत्येक खराट्यावर असेच बोट फिरवून पाहावे, एवढ्यासाठीच हे लिहिले आहे.